वळणे : एका क्रियापदाचा आढावा

कोकणातील एका आडगावी जाण्याचा प्रसंग पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्यावर आला होता, आणि मोटार जिथवर जात होती तिथवर गेल्यानंतर उरलेली दोन कोसांची पायवाट मी थांब्यापाशी बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यांना विचारली. “वाट वळेल तसे वळा, फुटेल तिथे मात्र उजव्या हाताची धरा,” एवढेच ते म्हणाले. शहरात वाढलेल्या माणसाच्या लेखी रस्त्याने दिशा बदलली काय किंवा एका रस्त्याचे दोन झाले काय, दोन्ही ठिकाणी वळावेच लागते. त्यामुळे पहिल्याच वाकणापाशी मी उजवीकडे करवंदीच्या जाळीत शिरणारी गुरांची वाट धरली आणि तासभर भटकून पुन्हा मूळ जागी आलो. त्या वृद्धांच्या सांगण्यात तिळमात्र संदिग्धता नव्हती. वाट वळते तेव्हा ती एकच असते, तिच्यावरून चालणाराला काहीच ठरवावे लागत नाही. वाट फुटते तेव्हा दुसरी वाट जन्मास येते आणि तिथे निवड करणे भाग पडते. हा भेद त्यांच्या भाषेत इतका सहज मुरलेला होता की तो समजावून सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि माझ्या भाषेतून तो इतका निसटलेला होता की ऐकूनही तो मला ऐकू आला नाही. तेव्हापासून ‘वळणे’ या क्रियापदाचा मी मागोवा घेत आलो आहे. घरात, शेतात, दफ्तरात आणि ग्रंथांत ते जिथे जिथे भेटले तिथे तिथे त्याची नोंद करीत आलो आहे. आणि त्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे त्या वृद्धांनी अजाणता सांगितलेली गोष्टच या धातूचे मर्म आहे असे माझे मत बनले आहे. जे वळते ते तुटत नाही. दिशा बदलते, आकार बदलतो, प्रसंगी स्वभावही बदलतो. परंतु बदलणाऱ्या वस्तूचे स्वतःशी असलेले सातत्य अखंड राहते.

व्युत्पत्तीचा विचार थोडक्यात आटोपता येतो. संस्कृतातील ‘वल्’ या धातूपासून हे क्रियापद आले, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो या नियमाने, ‘फल’चे फळ आणि ‘कमल’चे कमळ झाले त्याच रीतीने, ते आजच्या रूपाला पोहोचले. ‘वलय’ या शब्दाचे कुळ हेच. हातातील वळे हे त्याचे घरगुती रूप. गुजरातीत हाच धातू जवळजवळ याच उच्चाराने आणि याच अर्थाने नांदतो. तमिळमध्ये ‘वळै’ असा शब्द असून त्याचा अर्थ वाकणे, वेढणे असा आहे, आणि बांगडीसाठी तिथे रूढ असलेला शब्दही त्याच्याच परिवारातला आहे. त्यावरून आर्यभाषा आणि द्राविडी भाषा यांच्यात या ठिकाणी देवघेव झाली असावी असे पुष्कळांना वाटत आले आहे. ते अशक्य नाही; मात्र उच्चारसाम्य हा पुरावा नव्हे, आणि या वादात शिरून प्रस्तुत विषयाला फारसे काही मिळण्यासारखेही नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आणि १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे प्रभृतींनी सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश हे दोन ग्रंथ जवळ असले म्हणजे या धातूच्या अर्थांचा पसारा जिज्ञासू वाचकाला घरबसल्या दिसू शकतो. कोशाची मर्यादा एवढीच, की तो अर्थ एकाखाली एक मांडतो. त्यांना बांधून ठेवणारे सूत्र ज्याचे त्याला शोधावे लागते.

ते सूत्र शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे या क्रियापदाला त्याच्या भावंडांशेजारी उभे करणे. फिरणे, परतणे, उलटणे, पालटणे, मुरडणे या सर्वांत दिशेचा बदल आहे, आणि तरीही बोलणारा मराठी माणूस त्यांपैकी एकाच्या जागी दुसरे सहसा घालीत नाही. फिरण्यात आवर्तन आहे, म्हणून जाते फिरते, माथे फिरते, ग्रह फिरतात, आणि दिलेला शब्द फिरवणारा मनुष्य विश्वासास अपात्र ठरतो. क्रिकेटच्या मैदानावर तर हा भेद डोळ्यांनी पाहता येतो : फिरकी गोलंदाजाने सोडलेला चेंडू हवेत स्वतःभोवती फिरत असतो आणि टप्पा पडल्यावर वळतो; फिरणे हे कारण, वळणे हे कार्य. परतण्यात मूळ स्थानी येणे अभिप्रेत आहे, आणि कढईतला कांदाही परततात तो खालचा वर व वरचा खाली अशा येरझारा घालायला लावूनच. उलटण्यात वरची बाजू खाली जाते. म्हणून डाव उलटतो आणि लहान माणूस वडिलांना उलटून बोलतो. काळ पालटतो, कारण पालटण्यात आधीची अवस्था जाऊन तिच्या जागी दुसरी येते. मुरडण्यात वळणे आहेच, पण ते तीव्र आहे, क्वचित पीडाकारक आहे : पाय मुरडतो, नाक मुरडतात, करंजीच्या कडेला मुरड घालतात. आणि याच मुरडीला आपल्याकडील स्त्रियांनी केवढा सुंदर अर्थ दिला आहे! मुलगी सासरी निघाली किंवा गौरीचे विसर्जन करायचे झाले, म्हणजे मुरडीचे कानवले करून द्यायचे, ते एवढ्यासाठी की निघालेली पावले पुन्हा मुरडून घराकडे यावीत.

हिंदीशी तुलना केली तर मराठीचा कल अधिक स्पष्ट होतो. हिंदीत रस्त्याच्या वळणाला ‘मोड़’ म्हणतात आणि गाडी वळवण्याला ‘मोड़ना’. मराठीत मात्र मोडणे म्हणजे भंग करणे, आणि नागमोडी यासारखे काही थोडे शब्द सोडले तर दिशा बदलण्याचा अर्थ त्या धातूत उरलेला नाही. एकाच शब्दाने दोन शेजारी भाषांत असे भिन्न मार्ग धरावेत आणि मराठीने तुटण्याचा अर्थ एका धातूकडे, न तुटता दिशा बदलण्याचा अर्थ दुसऱ्याकडे अशी काटेकोर वाटणी करून टाकावी, ही गोष्ट मला विलक्षण महत्त्वाची वाटते.

आता या क्रियापदाच्या सर्वांत समृद्ध दालनाकडे येतो. वळणे हे अकर्मक आहे तसे सकर्मकही आहे, आणि व्याकरणाच्या दृष्टीने या दोन प्रयोगांमधला फरक मोठा मनोरंजक आहे. गाडी वळते, पण चालक तिला वळवतो. मन वळते, पण मित्र ते वळवतो. इथे सकर्मक अर्थासाठी ‘वळवणे’ हे प्रयोजक रूप लागते. उलट लाडू कोणी वळवीत नाही, लाडू वळतात. वाती वळतात, दोर वळतात, मुठी वळतात. माझ्या समजुतीप्रमाणे भेद असा, की ज्या कामात करणाराचा हात त्या पदार्थावरून क्षणभरही निघत नाही, ज्यात पदार्थाचा आकार हाताच्या आकारातून उतरतो, तिथे मराठी भाषा ‘वळणे’ म्हणते. आणि ज्यात करणारा बाहेर राहून, आज्ञेने, युक्तीने किंवा बळाने दुसऱ्याची दिशा बदलतो, तिथे ती ‘वळवणे’ म्हणते. या नियमाची कसोटी गुरांवर पाहावी. गुराखी गुरे वळवीतही असेल, पण त्याच्या धंद्याचे नाव ‘गुरे वळणे’ असे आहे. कारण तो दुरून हुकूम सोडीत नाही, तर दिवसभर त्यांच्या पाठीशी, त्यांच्या गतीने, त्यांच्यातलाच एक होऊन चालत राहतो. संध्याकाळी ‘गुरे वळली’ असे वाक्य कानी आले तर ती आपण होऊन घराकडे निघाली की कोणी ती राखली, हे केवळ संदर्भावरून कळते, आणि खऱ्या गुराख्याच्या बाबतीत या दोहोंत फारसे अंतर नसतेही.

स्वयंपाकघरात या धातूचे राज्य निर्वेध आहे. रव्याच्या लाडवांचा पाक थोडा पुढे गेला तर मिश्रण कोरडे पडून भुगा होतो, कच्चा राहिला तर लाडू बसतात, आणि दोन्ही वेळा घरातली बाई जे उद्गार काढते ते ‘लाडू वळत नाहीत’ असे असतात. यात दोष ती स्वतःकडे घेत नाही, लाडवांनाही देत नाही, तर हात आणि पदार्थ यांचे सख्य जमले नाही एवढेच सांगते. कापसाच्या वाती वळण्याचे काम पूर्वी दुपारच्या गप्पांबरोबर चाले, आणि लक्ष वातींचे व्रत घेतलेल्या स्त्रीच्या हातून एक लाख वाती एकेक करून वळल्या जात. पण या दालनातला सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे ‘वळवट’. लग्नकार्य जवळ आले म्हणजे सवाष्णी जमून रव्याच्या वा कणकेच्या घट्ट गोळ्यातून गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे असे नाजूक प्रकार हाताने वळीत, ते वाळवून ठेवीत, आणि पुढे त्यांची खीर होई. या सगळ्यांना मिळून वळवट हे नाव. गव्हल्याला गव्हाच्या दाण्याचा घाट, नखुल्याला नखाचा ठसा, बोटव्याला बोटाची लांबी. माणसाच्या हाताशिवाय दुसरे उपकरण नाही, माप नाही, साचा नाही; आणि तरीही एका बाईने वळलेले शेकडो गव्हले एकमेकांसारखे असत. यंत्राच्या शेवया दुकानात मिळू लागल्यापासून वळवट घराघरांतून नाहीसे झाले आणि पदार्थामागोमाग शब्दही निघून चालला आहे.

दोराविषयी एवढे सांगितले पाहिजे की, अंबाडीचा असो वा काथ्याचा, दोर वळणे म्हणजे अनेक तुटक तंतूंना एकमेकांभोवती फिरवून त्यांची एक अखंड लांबी निर्माण करणे होय. म्हणजे इथे वळण्याने सातत्य नुसते टिकत नाही, ते नव्याने उत्पन्न होते. न संपणाऱ्या बोलण्याला ‘चऱ्हाट वळणे’ म्हणतात ते या कामाच्या दीर्घसूत्रीपणावरूनच. गुंडाळलेल्या अंथरुणाची वळकटी हीही या परिवारातली, आणि एके काळी आगगाडीने निघालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या सामानात ती असे.

हाताच्या या कामातूनच ‘वळण’ हे नाम लेखणीकडे गेले. अक्षराला वळण असते. ते चांगले असते, बोजड असते, कारकुनी असते, बायकी असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या बाळाजी आवजी चिटणिसांच्या हस्ताक्षरावरून मोडी लिपीतील ‘चिटणिशी वळण’ प्रसिद्धीस आले, आणि पुढे दीर्घकाळ दफ्तरातील लिहिणारांना ते आदर्शवत होते. मोडीत प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरामागून अक्षर खाली सोडीत जायचे, अशी रीत होती. त्यामुळे एका अक्षराचा शेवट हाच दुसऱ्याचा आरंभ होई, आणि लिहिणाराचे कसब त्या सांध्यावरच्या गोलाईत दिसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मावळली. परंतु मुलाच्या हाताला वळण लागावे म्हणून कित्ता गिरवून घेण्याची पद्धत तिच्या मागेही राहिली, आणि त्याहून चिरंजीव झाला तो या शब्दाचा लाक्षणिक अर्थ. मुलाला वळण लावणे म्हणजे त्याला मारून-मुटकून सरळ करणे नव्हे. जो कोणी तसे समजतो त्याने अक्षराचे वळण कधी घोटलेले नसावे. हाताला जशी पुनःपुन्हा गिरवून गोलाई सापडते, तशी स्वभावाला सहवासाने आणि सवयीने सापडते. आणि ती एकदा सापडली की ‘चांगल्या वळणाचा मुलगा’ किंवा ‘आजोळच्या वळणावर गेलेली मुलगी’ अशा शब्दांत चारचौघे तिची दखल घेतात. इंग्रजी शिक्षणातून आलेल्या ‘शिस्त लावणे’ या कल्पनेपेक्षा ही कल्पना मला अधिक खोल वाटते, कारण शिस्त बाहेरून लावता येते, वळण अंगात उतरावे लागते.

दफ्तराचा उल्लेख झालाच आहे, तर जमाखर्चातील प्रयोगही सांगून टाकतो. कर्जाचा हप्ता पगारातून वळता करून घेणे, दिलेली तसलमात पुढील देण्यातून वळती करणे, हे प्रयोग अव्वल कारकुनांच्या तोंडी अजूनही आहेत. पैसा खजिन्यातून निघून ऋणकोच्या हाती जावयाचा, तो वाटेतच दुसऱ्या खात्याकडे वळला, असा हा नेमका अर्थ आहे. रक्कम नाहीशी झाली नाही, तिचा मार्ग तेवढा बदलला. लष्करी भाषेतून आलेला ‘मोर्चा वळवणे’ आणि फारसी ‘रुख’ या शब्दावरून आलेला ‘बोलण्याचा रोख वळवणे’ हेही तसेच जुन्या अमदानीतून वारशाने आलेले आहेत.

नद्यांच्या बाबतीत हे क्रियापद गंभीर होते. पंढरपुरापाशी भीमा चंद्रकोरीसारखी वळते आणि म्हणून त्या गावापुरती चंद्रभागा होते. नाव बदलण्यास एक वळण पुरेसे झाले, प्रवाह मात्र तोच राहिला. कोयना महाबळेश्वराच्या परिसरात उगम पावून सह्याद्रीच्या रांगेशी समांतर दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. ही नदी आपण होऊन वळली होती. पुढे धरण बांधून आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खोदून माणसाने तिचे पाणी पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहाकडे वळवले, आणि बंगालच्या उपसागराला जाणारे ते पाणी वाशिष्ठी नदीच्या वाटेने अरबी समुद्राला जाऊ लागले. वळणे आणि वळवणे यांतला फरक याहून ठळकपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. या उद्योगाचा आरंभ त्याआधीच झाला होता. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, आणि त्या तलावांपैकी एकाचे नाव योगायोगाने ‘वळवण’ असे आहे. मुळशीच्या खोऱ्यातले पाणी वळवण्याचे ठरले तेव्हा मात्र मावळ्यांच्या भातजमिनी बुडणार होत्या, आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. पाणी वळवल्याने पाण्याचे सातत्य राहिले. गावांचे राहिले नाही. वळवणारा बाहेर उभा असतो असे मी वर म्हटले, त्यातला धोका हाच आहे, आणि त्या शेतकऱ्यांचा पक्ष न्यायाचा होता असे मला आजही वाटते.

शरीराविषयीचे प्रयोग पुष्कळ आहेत. तान्हे मूल कुशीवर वळू लागते हा घरातला आनंदाचा दिवस. थंडीने हातपाय वळतात, भीतीने बोबडी वळते, हसून हसून मुरकुंडी वळते. परंतु या सर्वांवर मात करणारा आणि मराठी माणसाच्या तोंडी रोज असणारा प्रयोग म्हणजे ‘कळते पण वळत नाही’. यात काय वळत नाही? वाक्यात कर्ता नाही. ‘त्याला’ एवढेच आहे. सामान्यतः याचा अर्थ रस्त्याच्या उपमेने लावला जातो, म्हणजे योग्य दिशा कोणती हे समजते, पण पावले तिकडे वळत नाहीत. माझा या अर्थाला विरोध आहे. या वाक्याची घडण ‘लाडू वळत नाहीत’ या वाक्याच्या घडणीशी अधिक जुळते. कृती डोक्यात आहे, जिन्नस समोर आहे, परंतु जे कळले ते हातांतून उतरून आकार घेत नाही. म्हणजे ही म्हण दुर्बल इच्छाशक्तीवर ठपका ठेवीत नाही, ती ज्ञान आणि हात यांच्यामधल्या अपुऱ्या अभ्यासाकडे बोट दाखवते. आणि असा अर्थ घेतला म्हणजे ज्याला वळत नाही त्याची निर्भर्त्सना करण्याऐवजी त्याला जवळ बसवून पुन्हा एकदा वळून दाखवावे असे वाटू लागते.

अलीकडच्या लेखनात या क्रियापदावर जो अन्याय होत आहे त्याविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. रिक्षावाल्याला ‘टर्न मारा’ म्हणून सांगणे हे बोलीचे अंग आहे आणि त्याचा मला विषाद नाही. मला खुपते ते वेगळेच. एखाद्याच्या उत्कर्षाचे वर्णन करताना ‘त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही’ हे वाक्य वृत्तपत्रांतून इतके बोकाळले आहे की ते इंग्रजीतून शब्दशः उचललेले आहे याची शंकाही कोणास येत नाही. आणि ज्या समाजात स्मशानातून निघताना मागे वळून पाहू नये अशी रूढी आहे, त्या समाजातल्या जुन्या माणसाला हे अभिनंदन कसे ऐकू येत असेल याचा विचार लिहिणाराने करावयास हवा. ‘यू-टर्न घेतला’ या प्रयोगासही काही कारण नाही, कारण कवायतीच्या मैदानावरून आलेला ‘घूमजाव’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे; तसाच कथेतल्या आकस्मिक बदलासाठी ‘कलाटणी’ हा समर्थ शब्द आहे. मात्र शासनव्यवहारात घडलेला ‘बाह्यवळण’ हा शब्द मी मनापासून वाखाणतो. रस्ता गावात शिरत नाही, गावाला सोडूनही जात नाही, बाहेरून वळून पुन्हा आपल्या मार्गाला लागतो. आणि नवा शब्द घडवणाराने धातूचे मर्म ओळखले म्हणजे तो किती लवकर रूढ होतो याची साक्ष आज हमरस्त्यावरची प्रत्येक पाटी देत आहे.

कोशात शब्द राहिले तरी ते वळणारे हात कोशात राहत नाहीत. म्हणून वाचकांजवळ माझी विनंती आहे, की ज्यांच्या घरी वळवट करणारी एखादी आजी वा मावशी अजून असेल त्यांनी तिच्याजवळ बसून गव्हला, नखुला, मालती आणि बोटवा हे चारही प्रकार तिच्या हाताने होताना पाहावेत, त्यांतला भेद तिला विचारावा, आणि ती जो सांगेल तो तिच्याच शब्दांत लिहून ठेवावा.